तांडेलबाईंच्या टेबलावरची विमानं

जानकी तांडेल गेली, ही बातमी मला मॅट्रिकच्या वर्गावर असताना कळली. मोठ्या बाई स्वतः जिना चढून आल्या. एरवी त्या शिपायाकडून चिठ्ठी पाठवतात, म्हणून त्यांना दारात पाहिलं तेव्हाच माझ्या हातातला खडू थांबला. “लीलाबाई, जरा बाहेर या,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि बाहेर आल्यावर पुढचं सांगितलं. कावीळ पोटात उतरली होती. आठवडाभर जानकी इस्पितळात होती आणि आदल्या संध्याकाळीच मी तिला भेटून आले होते. तेव्हा तिनं मला, तिच्याऐवजी मी काढलेल्या भूगोलाच्या सहामाहीच्या पेपरातली एक चूक दाखवली होती. “नर्मदा पूर्वेला वाहवलीस तू, लीला. मुली हसतील,” असं म्हणून ती स्वतःच हसली होती... अडतिसाव्या वर्षी माणूस जातं हे खरं वाटत नाही. आज पाच आठवडे झाले, अजूनही वाटत नाही.

गिरगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत जानकी भूगोल आणि गणित शिकवायची. माझगावच्या कोळीवाड्यातली ही मुलगी मिशनच्या शाळेत शिकली होती. तिची आई बाजारात मासळी विकायची, अजूनही विकते. शिक्षकांच्या खोलीत तिच्या डब्याचा वास आला की खिडक्या उघडणाऱ्या बाई आमच्यात होत्या, आणि पहिल्या वर्षी मीही त्यांच्यातच होते, हे लिहायला मला लाज वाटते. जानकी डबा घेऊन गच्चीत जायची आणि समुद्राकडे तोंड करून जेवायची. युद्धात ती ‘कुठेतरी नोकरीला’ होती एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि त्याविषयी जे कुजबुजलं जायचं ते चांगलं नव्हतं. एकटी, लग्न न झालेली मुलगी कलकत्त्याला राहिली, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली... पुढचं वाक्य कुणी पुरं करत नसे.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला तो दिवस आला. सकाळी शाळा भरली तेव्हा रस्ते शांत होते. दुसऱ्या तासाला ठाकुरद्वारच्या बाजूनं घोषणा ऐकू येऊ लागल्या, आणि थोड्या वेळानं आवाज झाला. पहिल्यांदा आम्हाला फटाके वाटले. दोन-अडीचशे मुली, त्यातल्या निम्म्या दहा वर्षांच्या आतल्या. कुणीतरी रडायला लागली आणि ते रडणं वर्गावर्गातून पसरत गेलं. टेलिफोनवरून मोठ्या बाईंना निरोप मिळाला की शाळा ताबडतोब सोडून द्या. त्यांनी किल्ल्या घेतल्या आणि पुढचं फाटक उघडायला निघाल्या. आम्हा सगळ्या शिक्षिकांना तेच बरोबर वाटलं होतं. मुली आपापल्या आईजवळ पोचल्या म्हणजे आपण सुटलो.

जानकी फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

“मोठ्या बाई, फाटक उघडू नका.”

“तांडेलबाई, शाळा मी चालवते.”

“हो, बाई. तुम्हीच चालवता. पण आता फाटक उघडलंत तर या मुली सरळ गोळीबाराच्या तोंडात जातील. आवाज ठाकुरद्वाराहून इकडे सरकतोय. मला दहा मिनिटं द्या.”

मोठ्या बाईंच्या समोर असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. जानकीचा आवाज चढलेला नव्हता. ती एखादा आकडा सांगावा तशी सांगत होती. मोठ्या बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या आणि किल्ल्या तिच्या हातात न देता, आपल्या कमरेला खोचून म्हणाल्या, “दहा मिनिटं.”

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला कुणी सांगून पटलं नसतं. जानकीनं खालच्या दिवाणखान्यातल्या सतरंज्या गुंडाळायला लावल्या आणि फरशीवर खडूनं आमच्या आजूबाजूचं सगळं गिरगाव काढलं... मुगभाट, फणसवाडी, ठाकुरद्वारचा नाका, चर्नी रोडकडे जाणारा रस्ता, आणि प्रत्येक वाडीतून मागच्या मागे निघणारी वाट. मॅट्रिकच्या सहा मुली तिनं निवडल्या. तीन जणींना गच्चीच्या तीन बाजूंना उभं केलं, कठड्याच्या आड. “काय वाटतं ते सांगायचं नाही. काय ऐकलं, काय दिसलं आणि कुठल्या बाजूला, एवढंच सांगायचं,” ती म्हणाली. उरलेल्या तिघींनी जिन्यावरून निरोप आणायचे. लहान मुलींच्या दप्तरांतून चिंचोके आणि काचापाणी खेळायचे बांगड्यांचे तुकडे जमा केले. चिंचोके म्हणजे जमाव, काचा म्हणजे पोलीस. निरोप येईल तसं ती फरशीवर एकेक ठेवत गेली. मोजपट्टीनं सरकवायची, हातानं नाही. आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघून पाच मिनिटं जुनं झालेलं प्रत्येक चिन्ह उचलून टाकायची. मी म्हटलं, “अगं, ते राहू दे ना, तिथेही होतेच की लोक.” ती वर न बघता म्हणाली, “जुनी बातमी खोट्या बातमीपेक्षा वाईट, लीला. ती खरी वाटते.”

रडणाऱ्या मुली एकेक करून गप्प झाल्या. त्या भोवती गोल करून बघायला लागल्या. बाहेरचं सगळं भयंकर त्यांच्या डोळ्यांपुढे चिंचोक्यांएवढं होऊन फरशीवर सरकत होतं. गच्चीच्या दोन बाजूंकडून निरोप आले होते, तिसऱ्या बाजूची मुलगी अजून आली नव्हती, तेवढ्यात जानकी उठली. “मागचं दार उघडा. पहिल्या दहा मुली, वाडीतून डावीकडे. लीला, तू यांना घेऊन जा. रस्ता ओलांडायचा नाही, कुणी हाक मारली तरी.”

मी गेले. मागच्या दारानं, दोन वाड्यांमधल्या न्हाणीघरांच्या ओळीतून, वाळत घातलेल्या लुगड्यांखालून. जिथे ती म्हणाली होती की कुणी नसेल, तिथे खरंच कुणी नव्हतं. दहाच्या दहा मुली घरी पोचवून मी परतले तेव्हा दुसऱ्या दोन तुकड्या निघाल्या होत्या. पुढची निघत असताना आमच्या पुढच्या फाटकासमोरच गोळ्यांचे आवाज झाले आणि अश्रुधुरानं डोळे चुरचुरायला लागले. मोठ्या बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. कमरेच्या किल्ल्या त्यांनी मुठीत घट्ट धरल्या होत्या. दिवस मावळण्याआधी शेवटची मुलगी तिच्या आईच्या हवाली झाली. त्या दिवशी गिरगावात कितीतरी घरांवर आकाश कोसळलं. आमच्या शाळेतल्या एकाही मुलीच्या घरावर नाही.

काही दिवसांनी, गच्चीत, मी तिच्या शेजारी माझा डबा उघडून बसले आणि विचारलं, “हे कुठे शिकलीस?”

तिनं सांगितलं. युद्धात बायकांचं जे दल उभारलं होतं, त्यात इंग्रजी आणि गणित येणाऱ्या मुली हव्या होत्या. तिला कलकत्त्याला नेमलं. एका बंद इमारतीत मोठं टेबल, त्यावर चौकोन आखलेला नकाशा, भोवती कानाला हेडफोन लावलेल्या दहा-बारा मुली. रडारच्या ठाण्यांवरून आकडे कानात यायचे आणि मुलींनी लांब काठीनं त्या जागी खुणा ठेवायच्या. ही जपान्यांची बाँबफेकी, ही त्यांच्या राखणीची झिरो, ही आपली हरिकेन, नंतर आलेली स्पिटफायर. वर सज्जात बसलेले अधिकारी टेबलाकडे बघून वैमानिकांना हुकूम द्यायचे. “वीस हजार फुटांवर माणसं एकमेकांना मारत असायची, आणि आमच्या खोलीत फक्त काठ्यांचा सरसर आवाज,” ती म्हणाली. “कधीकधी सज्जातल्या ध्वनिवर्धकावर वैमानिकाचा आवाज ऐकू यायचा. मग तो यायचा बंद झाला, की थोड्या वेळानं आपणच आपल्या हातानं ती खूण टेबलावरून काढायची.”



“आम्हाला शिकवताना एक गोष्ट सांगितली होती,” ती पुढे म्हणाली. “विमानाचा रेडिओ मेला, तर वैमानिकानं डाव्या हाताला वळत वळत आकाशात त्रिकोण काढत राहायचं. खालच्या रडारवाल्यांनी ओळखावं, की हा आपला आहे, याला बोलता येत नाही. मी नवी होते. हल्ला चालू होता, खाली दाट ढग. एक एकटं विमान शहराकडे येत होतं आणि त्याच्यावर शत्रूची खूण लागली होती. माझ्या काठीखालीच होतं ते. एक बाजू झाली, ते डावीकडे वळलं. दुसरी बाजू झाली, पुन्हा डावीकडे. मला वाटलं, हा त्रिकोणच आहे. पण वर सगळे गोरे अधिकारी, आणि मी कोण? माझगावची एक पोरगी. म्हटलं, तिसरी बाजू पुरी होऊ दे, मग बोलू... तिसरी बाजू झालीच नाही, लीला. आपल्याच तोफांनी पाडलं त्याला.”

तिचा घास हातातच राहिला होता.

“कुणी मला दोष दिला नाही. कुणाला माहीतच नव्हतं. पुढे दोन महिन्यांनी तसंच झालं. तेव्हा मी दुसऱ्या बाजूलाच ओरडले. कानावरचे हेडफोन काढून उभी राहिले, शिस्त मोडून. म्हटलं, साहेब, तो आपला आहे, त्याचा रेडिओ गेलाय. त्या साहेबानं मला विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, नाही. पण खात्री होईपर्यंत तो मरेल. त्यानं एक स्पिटफायर वळवलं. ते त्याच्या शेजारी जाऊन उडू लागलं, पंख हलवून दाखवले, आणि त्याला हाताला धरून आणावं तसं खाली घेऊन आलं.”

“कोण होता तो?”

“काय माहीत. आम्हाला नावं नसायची, आकडे असायचे. ‘उतरलं’ एवढं कानात ऐकलं. मग मी ती खूण उचलली. पुढचा आकडा कानात यायला लागला होता.”

त्यानंतर मला तिच्याविषयी जे वाटू लागलं त्याला मैत्री हा शब्द पुरत नाही. आम्ही पुष्कळ हिंडलो. एकदा एका इंग्रजी युद्धपटाला मी तिला ओढून नेलं. पडद्यावर वैमानिक ओठ आवळून लांबलचक भाषणं करत होते आणि ही अंधारात खुदुखुदु हसत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “इतकं कुणी बोलत नाही गं. घाबरलेला माणूस फक्त उंची सांगतो, दिशा सांगतो. आणि अगदीच शेवटी असेल तर ‘सॉरी’ म्हणतो. का म्हणतात कोण जाणे.”

आणखी एकदा, चौपाटीवर हवाई दलाच्या कसरती होत्या. वाळूत पाय ठेवायला जागा नव्हती. नवी जेट विमानं येणार होती, ज्यांना आपल्याकडे तुफानी म्हणतात. सगळे मलबार हिलकडे बघत होते. जानकीनं माझा दंड धरला आणि मला समुद्राकडे वळवलं. “तिकडून येतील.” चार ठिपके पाण्यावरून आले, आवाजाशिवाय. आमच्या डोक्यावरून गेले आणि मग आवाज आला... छातीच्या फासळ्या आतून वाजवणारा. लोकांनी कान झाकले, पोरं किंचाळली. चौघे वर चढले, उभे, सरळ, आणि उन्हात दिसेनासे झाले. मी जानकीकडे पाहिलं तर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग मला आठवलं, की तिनं तिची सगळी लढाई छपराखाली पाहिली होती. लढाऊ विमान डोक्यावरून जाताना ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

“केवढंसं असतं गं ते,” ती म्हणाली. “आणि आत एकटाच.”

तिच्या बाराव्यानंतर मी माझगावला गेले. कोळीवाड्यात मी आधी फारशी गेले नव्हते. तिची आई ओट्यावर बसली होती, पाण्याकडे तोंड करून. मी शेजारी बसले. ती म्हणाली, “गो बाय, तू तिची मैतरीण. मना सांग, लढाईत तिनं काय केलं? मी इचारलं का बोलायची, आये, टेबलावरचं काम.”

मी सांगितलं. जमेल तसं, सोप्या शब्दांत. टेबल, काठ्या, आकाशात वाट चुकलेला एक मुलगा, आणि याला मारू नका म्हणून उभी राहिलेली तिची मुलगी. पहिल्या विमानाची गोष्ट मी सांगितली नाही. ती जानकीची होती.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिची नजर पाण्यावरून हलली नाही.

“त्या पोराला ठाव हाय, कुणी वाचवला त्याला?”

“नाही.”

“मंग त्याच्या आयेला पन ठाव नसंल.”

“नाही.”

“बरं हाय. तिला वाटूं दे, पोर आपल्या पायानं घरा आला.” तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हात डोळ्यांवर आडवा धरला. लांबवर एक शीड दिसायला लागलं होतं. “सा झाल्या,” ती म्हणाली. “सकालधरनं सात होड्या गेल्यान. तू जा बाय, तुला शाला असंल. मी सातवी आल्याबिगर उठत नाय.”

मी गेले नाही. पाय वर घेऊन तिच्याजवळ सरकून बसले, आणि आम्ही दोघी पाण्याकडे बघत राहिलो.