सासऱ्यांची गारगोटी

कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना चहा सांडेल तुमचा! खुशाल हसा. मी घोळच तसा घातलाय.

माझी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, फायनल इन्स्पेक्शनला. गाड्यांचे पार्ट तपासायचे. कुठे बोटाला धार लागली, की पार्ट बाजूला! काही चुकलं, की ‘का? का?’ विचारत मुळापर्यंत जायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही इन्स्पेक्टरच राहतो हो.

सासरे मावळातले. त्यांच्याकडे घरी केलेली चकमक. जुन्या कानशीचा तुकडा त्यांनी स्वतः तापवून वाकवलेला, जोडीला शेतातली गारगोटी आणि सावरीचा कापूस. दोन टोले मारले, की बिडी पेटलीच! मी इतकं कौतुक केलं, की दिवाळीला त्यांनी ती मलाच देऊन टाकली. तिला कुणाला हात लावू न देणारा माणूस, राव! मी हरखून गेलो.

आणि हरखलेला माणूस गप्प बसतो का? पिंपळे सौदागरला आमची सोसायटी. तिच्या ग्रुपवर मी जाहीर करून टाकलं, “यंदाची होळी चकमकीने पेटणार!” सासऱ्यांनाही, म्हणजे आमच्या मामांना, गावाहून खास बोलावलं.

आदल्या दिवशी गारगोटी हातात घेतो तर काय, कडा ही अशी धारदार! उद्या पोरंटोरं हात लावणार, कुणाचं बोट कापलं म्हणजे? असला माल चारचौघांत न्यायचा? छे! काढला ग्राइंडर आणि बसलो पार्किंगमध्ये. गारगोटी अशी गुळगुळीत केली, की शाळिग्राम म्हणून देव्हाऱ्यात ठेवावी!

संध्याकाळी सगळी सोसायटी होळीभोवती जमली. बायका नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या. मामा कडक इस्त्रीची टोपी घालून पुढच्याच खुर्चीत. आमचे चेअरमन पाटील म्हणाले, “काडेपेटी असू दे का खिशात?”

“लागणारच नाही, पाटीलसाहेब!”

मारला टोला. टक! काही नाही. पुन्हा टक, टक, टक! ठिणगी? नावाला नाही! मला घाम मात्र फुटला.

“अहो भाऊ, पुरणपोळी गार झाली,” मागून आवाज आला.

“हवेत ओलावा आहे,” मी म्हणालो. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ओलावा! मग कापसाला नावं ठेवली. तरी लोक हसतच होते. शेवटी मी काय बोललो असेन?

“मामा, तुमची गारगोटीच खराब निघाली.”

सगळ्यांसमोर! मामांचा चेहरा एवढासा झाला. “आमच्याकडं तर चांगली चालत व्हती, पाव्हणं,” एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेववेना.

बापाला बोललेलं कुठली लेक ऐकून घेईल? बायको पुढे आली आणि माझंच हत्यार तिने माझ्यावर उपसलं.

“अहो, ठिणगी का पडत नाही?”

“दगड लोखंडाला खरवडत नाही म्हणून.”

“का खरवडत नाही?”

“धार नाही त्याला.”

“का नाही?”

मी उगाच कापूस पिंजायला लागलो. पण पाटील कुठले गप्प बसायला? “म्हणजे काल पार्किंगमध्ये ग्राइंडर चालू होता तो याच्यासाठी? मला वाटलं, फरशी कापताय!”

जो हशा पिकला म्हणता!

मामा उठले. गारगोटीवरून अंगठा फिरवत म्हणाले, “आरं, पार अंडं केलंय की हिचं!” आणि पायरीच्या दगडावर अशी आपटली, की दोन तुकडे. कडा पुन्हा कोऱ्या, धारदार. “मारा आता.”

दुसऱ्याच टोल्याला कापूस धुमसला. वाळल्या गवतात ठेवून फुंकर घातली आणि होळी भडकली! लोकांनी बोंबा मारल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या नावाने. मी मामांच्या पाया पडलो. “चला, पोळी खाऊ,” म्हणाले आणि माझ्याच शेजारी जेवायला बसले. देवमाणूस!

जाताना मात्र चकमक त्यांनी लेकीच्या हातात दिली. “कपाटात ठेव, कुलूप लावून. पाव्हण्यांना लांबनं दाखव.”

परवा बायको माहेरी गेली. कांदा चिरायला सुरी शोधतो, तर घरात एक नाही! विळीसुद्धा त्याच कपाटात कुलूपबंद. कांदा घेऊन गेलो पाटलांकडे सुरी मागायला.

पाटीलवहिनींनी दार जरासंच उघडलं. म्हणाल्या, “कांदा द्या इकडे भाऊजी, मी चिरून देते.”