घड्याळाकडे लक्ष ठेवा

माझे साडू गुडगावला एका मोठ्या कंपनीत आहेत. सासरी गेलं की त्यांच्यासाठी खुर्ची ओढली जाते आणि मला विचारलं जातं, "येताना टॉवेल आणलेत का?" मी दिल्लीत पहाडगंजच्या हॉटेलांना चादरी आणि टॉवेल पुरवतो. दहावीनंतर दुसऱ्यांच्या कापडाच्या गाठी खांद्यावर वाहिल्या, आज गोदाम स्वतःचं आहे. पण सासऱ्यांच्या हॉलमध्ये गोदामाला किंमत नाही.

तेही सोसलं असतं. सोसत नाही ते माझ्या मुलीचं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. काही अडलं की हात फोनकडे आणि तोंडात एकच शब्द, "काका". म्हणजे मावशीचा नवरा. बाप शेजारच्या खोलीत बसलेला असतो.

गेल्या गौरीजेवणाला आम्ही साडूंकडे होतो. पुरणपोळी संपायच्या आत त्यांनी विषय काढला. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण मशीनला लागतो नंबर. नावावरून नंबर आणून देणारा कुणीतरी हवा. बाकीचे लोक इंटरनेटवाल्याचा वापरतात, यांनी स्वतःचा ठेवलाय.

"राउटरमध्येच. कंटेनरमध्ये चालतो," ते म्हणाले.

"कंटेनर? तो तर तुघलकाबादला मालगाडीतून उतरतो," मी म्हटलं.

सगळे हसले. मुलगी सगळ्यांत जोरात. "बाबा, सॉफ्टवेअरचा बंद डबा असतो तो. आतलं आत, बाहेर सांडत नाही."

"आणि रिकर्सिव्ह आहे," साडू म्हणाले. "आधी मुळाला विचारतो. मूळ म्हणतं, त्याच्याकडे जा. तो म्हणतो, पुढच्याकडे जा. असं विचारत विचारत खुद्द मालकापर्यंत. आणि प्रत्येक उत्तराखालची सही तपासूनच ते घेतो."

हे मात्र मला तिथल्या तिथे कळलं, कदाचित त्या टेबलावर सगळ्यांत जास्त. मराठी माणूस पानिपतला हळहळायला जातो, मी भाव पाडायला जातो. तिथली चादरींची गिरणी मी अशीच शोधली होती. दुकानदाराने दलाल दाखवला, दलालाच्या ट्रकवाल्याने रस्ता दाखवला, आणि एक दिवस मी गिरणीच्या दारात उभा होतो. दलाल सुटला तो सुटलाच.

निघताना साडू दारापर्यंत आले. "साडूभाऊ, तुम्ही कधी बसवलंत तर घड्याळाकडे लक्ष ठेवा बरं."

त्या दिवशी आम्ही जेवायला दीड तास उशिरा पोहोचलो होतो. मागे कुणीतरी खुदकन हसलं. गाझियाबादला आमच्या घरापर्यंत मी वाटेतल्या प्रत्येक गाडीवर हॉर्न वाजवला.

पुढच्याच आठवड्यात नेहरू प्लेसचा कॉम्प्युटर बाजार गाठला.

"इसमें कंटेनर चलेगा?"

"अंकल, आपको क्या चलाना है? पिक्चर?"

"तू भाव लगा. पिक्चर मैं देख लूँगा."

चार वेळा दुकानातून निघून गेलो, चार वेळा त्याने हाक मारली. राउटर घेऊनच आलो. मग तीन रविवार दार लावून बसलो. मुलीला एक अक्षर विचारलं नाही. चौथ्या रविवारी चाललं. पण या गोष्टीत एक खोट आहे: नीट चाललं की कुणाला दिसतच नाही. शेवटी मीच सांगितलं.

"अच्छा? काकांसारखं?" मुलगी म्हणाली.

काकांसारखं!

महिनाभराने एका सकाळी लाईट गेली आणि आली. अकरा वाजता मुलीचा लॅपटॉपवर नोकरीसाठी इंटरव्ह्यू होता. राउटरचे दिवे लागलेले, पण एकही साइट उघडेना. आमच्या फ्लॅटमध्ये मोबाइलला रेंज फक्त बाल्कनीत येते. ती फोन घेऊन तिकडेच निघाली.

"काकांना विचारते."

"खबरदार!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, इंटरव्ह्यू तिचा आहे. तुमचा नाही."

"दहा मिनिटं दे," मी मुलीला म्हटलं. तिने फोन खाली ठेवला नाही, पण थांबली.

लॅपटॉप जोडून मी डब्याच्या आतली नोंदवही उघडली. ओळीमागून ओळ एकच तक्रार: सहीची तारीख अजून आलेली नाही. ही भाषा मला येते. पुढच्या तारखेचा चेक बँक असाच परत करते. पण इथे इतक्या सगळ्यांनी एकदम पुढची तारीख टाकली कशी? म्हणजे चेक बरोबर होते, बँकेच्या भिंतीवरचं कॅलेंडर जुनं होतं. राउटरची तारीख पाहिली. मागच्या वर्षीची! त्याच्या घड्याळाला सेलच नाही. लाईट गेली की ते मागे जातं. बरोबर वेळ आणायची तर वेळ सांगणाऱ्या मशीनचा नंबर हवा. तो नंबर आणणार हा डबा, आणि वेळ बरोबर होईपर्यंत हा कुणाच्या सहीवर विश्वास ठेवणार नाही. "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत घड्याळ आणि डबा दोघंही दारातच.

वेळ हाताने लावली. पुन्हा असं होऊ नये म्हणून वेळवाल्याच्या नावाऐवजी थेट त्याचा नंबर लिहून ठेवला. अकराला वीस मिनिटं असताना सगळं उघडलं. मुलीने फोन टेबलावर ठेवला. मला तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी इंटरव्ह्यू कसा झाला ते सांगायला तिने काकांनाच फोन लावला, स्पीकरवर. "आणि काका, आज नेट बंद पडलं होतं. बाबांनी स्वतः केलं. कुणाला न विचारता!"

मी पेपरचं पान उलटलं. वाचत काहीच नव्हतो.

"लाईट गेली असेल," साडूंचा आवाज आला. "घड्याळ मागे गेलं असणार. मी तेव्हाच म्हटलं होतं ना, घड्याळाकडे लक्ष ठेवा?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, काकांनी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला वाटलं, उशिरा आलो म्हणून टोमणा मारतायत."

"अहो साडूभाऊ, तोही होताच!"

मुलगी खळखळून हसली. मी नीट पाहिलं. फोनकडे बघून हसली.