न्यागुथीच्या जिन्यावरची दोन शेपटं

न्यागुथीच्या फ्लॅटच्या दारावर पाटी आहे : ‘जनावर आणू नये. तुमचं कितीही गोड असलं तरी.’ दुसरं वाक्य तिनं नंतर घातलं, कारण पहिलं वाचून जो तो तेच सांगायला यायचा.

माझं शिवणाचं मशीन इमारतीच्या फाटकाला लागूनच आहे. तिच्या फ्लॅटचे पडदे मी शिवले, उशांचे अभ्रे मीच शिवते. त्यामुळे तिच्याकडे कोण आलं आणि बगलेत काय घेऊन आलं, हे मला तिच्याआधी कळतं. आमच्या नान्युकीला डोंगर बघायला नैरोबीहून माणसं येतात, तिच्या फ्लॅटमध्ये दोन-तीन रात्री भाड्यानं राहतात. त्यातल्या निम्म्यांना पाटी वाचता येत नाही असं दिसतं, एरवी चांगली शिकलेली असतात.

एक बाई पर्समधून कुत्रं घेऊन आल्या. “हे कुत्रं नाही हो, माझं बाळ आहे.”

“असं होय? मग बाळाला शू करायला संडासात बसवून दाखवा,” न्यागुथी म्हणाली, “लगेच किल्ली देते.”

बाई गेल्या. जाताना फोनवर तिच्याबद्दल काय काय लिहून गेल्या. ते मी तिला वाचून दाखवलं. ‘घर छान, मालकीण उद्धट.’ न्यागुथी खूश झाली. “चांगलंय की! उद्धट वाचून तरी पोपटवाले येणार नाहीत.” पोपटवाला आदल्याच महिन्यात येऊन गेला होता. पक्षी म्हणजे जनावर नव्हे, यावर त्यानं जिन्यात उभं राहून भाषण केलं होतं.

लोकांना वाटतं ही बाई जनावरांचा राग करते. तसं नाही. गावाबाहेरच्या एका मोठ्या फार्मवर न्यागुथीनं उमेदीची सगळी वर्षं स्वयंपाकघरात काढली. तिथली कुत्री शेकोटीपुढे गालिच्यावर झोपायची आणि ही मागच्या पत्र्याच्या खोलीत. कुत्र्यांचं मांस हिनंच शिजवायचं, पण त्यातला तुकडा तोंडात टाकला तर ती चोरी. पुढे मालक देश सोडून गेले, तेव्हा कुत्र्यांना विमानातून नेलं आणि हिला एक जुना कोट दिला. ती हे हसत सांगते. मला मात्र दर वेळी ऐकून संताप येतो.

बायकांच्या बचत गटाच्या आधारानं तिनं पहिल्या मजल्यावरचा हा फ्लॅट घेतला. स्वतः राहते बाजारामागच्या एका खोलीत, कारण तिचं पोट या फ्लॅटवर चालतं. म्हातारपणी पुन्हा कुणाच्या स्वयंपाकघरात जायचं नाही, एवढंच तिला हवं आहे.

आणि तेच चेअरमनला खुपत होतं. मुचिरी या इमारतीचे चेअरमन, राहायला तिसऱ्या मजल्यावर. परकी माणसं जिन्यात दिसली की त्यांच्या कपाळाला आठी. जूनमध्ये एका जोडप्यानं सुटकेसमध्ये लपवून कुत्रं आत नेलं. न्यागुथीला पत्ताच नाही. सकाळी ते जिन्यावर सुटलं आणि त्यानं नेमकी चेअरमनची विजार धरली. झालं! इमारतीची मीटिंग बसली.

“पुन्हा एक शेपूट या जिन्यावर दिसलं,” मुचिरी बोट नाचवत म्हणाले, “की तुझं दुकान बंद. पाहुणे-बिहुणे काही नाही. कळलं का तुला?” सगळ्यांनी हात वर केले. मी त्या इमारतीत राहत नाही, नाहीतर मी केला नसता.

तेव्हापासून न्यागुथी आलेल्या प्रत्येक पाहुण्याची पिशवी बाहेरून चाचपायची. एका म्हाताऱ्याच्या पिशवीतून जिवंत कोंबडी निघाली. नातीला भेट म्हणून आणली होती. तिनं ती माझ्या मशीनच्या पायाला बांधायला लावली. दोन दिवस कोंबडी माझ्या चिंध्यांवर बसून होती.

मग ऑगस्टमध्ये मुचिरींच्या मुलीचं, गाथोनीचं, लग्न जमलं. आमच्यात मुलीला मागणी घालायला येतात तेव्हा आधी एक मेंढी आणि एक शेळी आणतात, दोन्ही कोवळ्या, न व्यालेल्या. देण्याघेण्याची बोलणी व्हायची, भाषणं व्हायची, मग मुलीच्या बापानं त्या उंबऱ्याच्या आत घ्यायच्या. घेतल्या की मुलगी दिली. हल्ली बहुतेक जण पैशांचं पाकीट देऊन मोकळे होतात. पण मुचिरींनी गावभर सांगितलं होतं, “मला पाकीट नको. माझ्या मुलीची मेंढी चार पायांवर चालत आली पाहिजे!”

नवऱ्याकडची माणसं लांब किनांगोपहून येणार, म्हणजे आदल्या दिवशीच निघावं लागणार. त्यांना उतरवायला जवळच चांगली जागा हवी. तेव्हा चेअरमनना पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आठवला. स्वतः येऊन सांगून गेले, “पाहुणे मानाचे आहेत. चादरी नव्या घाल.” न्यागुथीनं नव्या घातल्या. मी शिवलेल्या.

दिवस मावळायला आला तसा पिकअप फाटकाशी थांबला. पुढे किहारा आजोबा, नवऱ्यामुलाचे चुलते, फेल्ट हॅट आणि काठी. मागे दोन बाप्ये आणि त्यांच्या मधोमध शेळी आणि मेंढी, गळ्यात लाल रिबिनी. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

न्यागुथी दारात उभी होती. “या आजोबा. तुम्ही या, ती नाही.”

“त्यांना कुठं ठेवू?”

“पिकअपमध्ये.”

“गेल्या महिन्यात याच रस्त्यावरून बकऱ्या चोरीला गेल्यात, पोरी. आणि ही काय घरात पाळायची जनावरं आहेत? हा मुलीचा मान आहे.”

“मग मुलीचा मान मुलीच्या बापाच्या घरात ठेवा. तिसऱ्या मजल्यावर.”

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग हसले आणि निघालेच वर. पुढे आजोबा, मागे दोन्ही जनावरं, त्यांच्यामागे न्यागुथी, आणि तिच्यामागे मी. मशीन उघडंच टाकलं. असं काही रोज बघायला मिळत नाही. मेंढी घाबरली होती, तिनं प्रत्येक वळणावर काळ्या गोळ्या टाकल्या. दारं उघडत गेली, बायका-पोरं कठड्याशी आली.

मुचिरींनी दार उघडलं, अंगात उद्याचाच सूट, बसतो का बघत असावेत. मेंढीनं पुढचा पाय उचलला आणि मुचिरी दारात आडवे उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला.

“अहो, आत नको! अजून बोलणी व्हायचीत!”

“आमची ना नाही,” आजोबा म्हणाले. “तुम्ही आताच घेतलीत तर आमची उद्याची भाषणं वाचतील.”

लोक हसले. मुचिरींचा चेहरा पडला. एवढं नाक वर करून मागितलेली मेंढी फुकटात घरात शिरणार, आणि उद्या घासाघीस करायला तोंड राहणार नाही. त्यांनी जनावरांच्या मागे न्यागुथीला पाहिलं.

“न्यागुथी, एका रात्रीचा प्रश्न आहे. तू ठेवून घे.”

“आणि उद्या तुम्ही माझं दुकान बंद करा.”

“नाही करणार. मी चेअरमन आहे, मी सांगतोय ना!”

“सगळ्यांसमोर सांगा.”

मुचिरींनी कठड्यांवरची डोकी पाहिली. “ती... ती अट मागे घेतली. झालं? ने आता खाली.”

मला वाटलं, झालं काम. फ्लॅट वाचला, आता दोर हातात घ्यावा आणि गप्प जावं. मी तरी घेतला असता. न्यागुथीनं हात पुढे केला नाही.

“तुमची अट तुम्ही मागे घेतलीत,” ती म्हणाली. “माझी कुठं घेतली मी?”

“अगं, थंडी किती पडते! मुकी जनावरं आहेत.”

“मला बोलता येत होतं, चेअरमन. मी बोलले होते, पत्र्याच्या खोलीत थंडी वाजते म्हणून. तेव्हा आत कुत्री होती, जागा नव्हती.” तिचा आवाज चढला नाही. “आता माझ्या घरात कोण झोपेल ते मी ठरवते. तुम्ही नाही.”

किहारा आजोबांनी हॅट काढली. “बरोबर बोलतेय ती. मी पिकअपमध्ये निजतो यांच्याजवळ. व्याही थंडीत झोपले तर झोपले.”

व्याही थंडीत! ही गोष्ट किनांगोपला पोचली असती तर मुचिरींना त्या बाजूला तोंड दाखवता आलं नसतं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “अहो, व्हा बाजूला! लाज काढाल का सगळी?” मुचिरींचे हात चौकटीवरून खाली आले. मेंढी आत गेली, मागोमाग शेळी. आतून गाथोनी हसलेली मी ऐकली. मुलगी दिली गेली, एका भाषणाशिवाय.

न्यागुथी खाली जाऊन झाडू घेऊन वर आली आणि तो मुचिरींच्या हातात दिला.

“जिन्यावर शेपटं दिसली, चेअरमन. एक नाही, दोन.”

व्याह्यांसमोर कोण नाही म्हणणार? नव्या सुटातल्या चेअरमननी तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत जिना झाडला. न्यागुथीच्या दाराशी आले तेव्हा थांबले. “तुम्ही जरा पाय उचलता का?” त्यांनी विचारलं. तिला ‘तुम्ही’ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. ती बाजूला झाली, पण एकच पाऊल.

आजोबा नव्या चादरींवर झोपले. दुसऱ्या दिवशी जेवणात बटाटा, मका आणि पालेभाजी कुस्करून केलेला मुकिमो होता आणि मटण, न्यागुथीसाठी आणि माझ्यासाठी पहिलं ताट खाली आलं. मीटिंगमध्ये तिच्या फ्लॅटचा विषय नंतर निघाला नाही. शेळी आणि मेंढी आठवडाभर चेअरमनच्या गॅलरीत ओरडत होत्या, तेव्हा काढणार तरी कोण?

परवा एक कुटुंब आलं, टोपलीत मांजर. “फार शांत आहे हो,” नवरा म्हणाला, “एवढ्या इमारतीत कुणीच ठेवून घेणार नाही का?”

न्यागुथीनं बोट वर केलं. “तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. चेअरमन राहतात. तिथं घेतात आत.”