शालूची दुपार माझ्याकडे आहे

इथे लोक अंगावर काटा आणणारे अनुभव लिहितात, मी ते वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. राग मानू नका. मी वकील, सगळं आयुष्य दिवाणी कोर्टात गेलं. साक्षीदार छातीठोकपणे सांगतो आणि उलटतपासणीत त्याची आठवण फुसकी निघते, हे रोजचंच. खोटं बोलत नसतो बिचारा... त्याला तसंच आठवत असतं! त्यामुळे कुणी भूतखेत सुरू केलं की मी म्हणायचो, "मियाँ, पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा हे एवढं होतं का?" आता तोच प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो.

आम्ही हैदराबादचे. नारायणगुड्याला घर. खाली वडील, म्हणजे अण्णा, आणि माझी धाकटी बहीण शालू. वर मी आणि माझी बायको कल्पना. अण्णा जामबागकडच्या एका शाळेत मास्तर होते. शालूनं लग्न केलं नाही. अण्णांचं सगळं आजारपण तिनंच काढलं... अंघोळ, औषधं, त्यांची चिडचिड, सगळं. मी आपला संध्याकाळी खाली जाऊन पेपर वाचून दाखवणार, एवढीच माझी सेवा.

गेल्या वर्षी मी आणि कल्पना एका साखरपुड्यासाठी नांदेडला गेलो होतो. सकाळीच शालूचा फोन – "दादा, अण्णांचं काही खरं दिसत नाही. निघा." आम्ही मिळेल ती बस धरली. जोगीपेटच्या पुढे ती बिघडली. घरी पोचलो तोवर अण्णा गेले होते. त्यांच्याजवळ एकटी शालू होती.

हे असं झालं, असं कल्पना सांगते. शेजारच्या काकूही सांगतात – त्यांनी आम्हाला ऑटोतून उतरताना पाहिलं. मला मात्र ती बस आठवतच नाही. मला अण्णांची खोली आठवते.

अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर आहे. अर्धा पडदा ओढलाय. मी चमच्यानं पाणी घालतोय, ते ओठांच्या कडेनं ओघळतंय आणि मी पदरानं पुसतोय. हो, पदरानं! अण्णा म्हणतात, "सुलतान बाजारात शिंप्याकडे शेरवानी टाकलीय. आणायची राहिली बघ." मग हसतात. मग माझ्याकडे बघून म्हणतात, "शालू, लई केलंस गं. आता जेवून घे जा." आणि त्यांचा हात माझ्या हातात जड होतो.

पहिले काही दिवस मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, दुःखात माणसाचं डोकं फिरतं.

दहाव्याला घाटावर गेलो. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. आपल्याकडे काय होतं माहीत आहे – जो तो अण्णांची राहिलेली इच्छा ओळखायला लागला. "शालूची काळजी घेऊ." "श्राद्ध चुकवणार नाही." कावळा समोरच्या झाडावर ढिम्म. उन्हात उभं राहून मी वैतागलो होतो. तोंडातून निघून गेलं, "अण्णा, शेरवानी घेऊन येतो." कावळा आला आणि खाऊन गेला. भुकेला असेल! मी अजूनही तेच म्हणतो.

पण शालू माझ्याकडे बघत राहिली. "कुठली शेरवानी रे?"

सुलतान बाजारात अण्णांचा नेहमीचा एकच शिंपी. त्यानं शेरवानी काढून दिली. अण्णा वाळले होते ना, ती आतून घ्यायला दिली होती. शिंपी म्हणाला, "साब खुद आये थे, चलते-फिरते थे तब. बोले, घर में किसी को नक्को बोलो, हँसते." शालूलाही पत्ता नव्हता.

घरी आल्यावर मी शालूला आणि कल्पनाला समोर बसवून ती खोलीतली दुपार सांगितली. पदरासकट. शालू ऐकत होती... परक्या माणसाची गोष्ट ऐकावी तशी. मग हळूच म्हणाली, "दादा, मला यातलं काहीच आठवत नाही. मला बस आठवते."

"कसली बस?" मी खेकसलोच.

"बंद पडलेली. सगळे खाली उतरले होते. मी एका चिंचेखाली उभी होते, लांब, एकटी. शर्टाच्या खिशातला फोन सारखा काढून बघत होते. आणि म्हणत होते, अण्णा, थांबा हो, मी येतेय, एवढं थांबाच..." ती रडायला लागली. "मी शर्ट कधी घालते रे, दादा?"

कल्पनानं माझा दंड धरला. ती म्हणाली, "अहो, चिंचेखाली तुम्ही उभे होतात. लांब जाऊन काहीतरी पुटपुटत होतात. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही."

ओळखीच्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे मी आणि शालू गेलो. भला माणूस. म्हणाले, आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. दर वेळी काढताना आपण ती नव्यानं बनवतो आणि ऐकलेलंही त्यात आपलं होऊन जातं. धक्क्यात तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला असाल, आता ते बोलणंच विसरलात. हौ, असेल. कोर्टात मीही हाच युक्तिवाद केला असता. पण बसचं मी तिला सांगितलं असेल, तर तेव्हा ती मला आठवत असणार. ती माझ्यातून पुसली कशी गेली? आणि शेरवानीचं शालूलाच आठवत नव्हतं, तर मला सांगितलं कुणी?

हेही जाऊ द्या. कसं झालं ते मला आता नकोच आहे. मला फक्त तिचं तिला परत द्यायचंय. एवढी वर्षं जिनं केलं, तिला तो शेवटचा हात मिळायला नको? ते "लई केलंस गं" तिच्यासाठी होतं! मी तिला पुन्हा पुन्हा सांगतो. ती म्हणते, "हौ दादा, तू सांगतोस म्हणजे तसंच असेल." आणि सांगून सांगून माझ्याकडचंही विरत चाललंय. परवा पडदा कुठल्या रंगाचा होता ते आठवेना. मी घाबरून सांगायचंच थांबवलं. तर ती विचारते, "का रे थांबलास?"

याचं काय करावं कुणाला माहीत असेल तर कृपा करून लिहा, मी मनापासून वाचीन, हसणार नाही.

काल संध्याकाळी खाली गेलो तर शालू अण्णांच्या फोटोपुढे दिवा लावत होती. मी आलेलं तिला कळलं नाही. हात जोडून म्हणत होती, "अण्णा, माफ करा हो. मला पोचायला उशीर झाला."