मीडियम वेव्ह नसलेला ट्यूनर

गोंदियाच्या ज्या दुकानातून मी ट्यूनर आणला, त्या दुकानदाराने मला फसवले नव्हते. आमगावात अनेकांनी माझ्या तोंडून याच्या उलट ऐकले आहे. माझ्यावर विश्वास ठेवून काहींनी त्या दुकानात जाणेही सोडले. म्हणून आधी हे लिहितो.

सुरुवात १९९९ च्या उन्हाळ्यात, मुलीच्या लग्नात झाली. पंगत बसली होती. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, केशोरीहून आला होता. धानाची शेती करणारा, तोंडाचा फटकळ माणूस. वाढप्याला थांबवून तो म्हणाला, "गुरुजीच्या घरी वरण पातळ अन् भाषण घट्ट." अख्खी पंगत हसली. व्याहीही हसले. मी शाळेत आणि गावच्या कार्यक्रमांत आयुष्यभर भाषणे केलेला माणूस. ते मला लागले. निरोपाच्या वेळी मी त्याला सांगितले, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. तो चढला नाही.

बायको माझ्या बाजूने राहिली. जिथे नवऱ्याचा मान नाही तिथे मी जाणार नाही म्हणाली आणि माहेरी गेली नाही. मी जा म्हटले असते तर गेली असती. मी म्हटले नाही.

पण त्या बहीण-भावाला भेटायची एक जागा उरली होती. रविवारी दुपारी दोन वाजता मीडियम वेव्हवरच्या दूरच्या एका रेडिओ केंद्रावर फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. आमच्याकडचे गावोगावचे लोक त्यासाठी पोस्टकार्डे पाठवत. गाणे कोणते यापेक्षा आपले नाव वाचले जाते का, याकडे सगळ्यांचे कान असत. मेहुणा दर महिन्याला कार्ड टाकायचा. निवेदिका वाचायची: केशोरीहून तो, त्याची बायको, पोरी, आणि शेवटी "आमगावची ताई". मधल्या नावांत तो बैलजोडीची नावेही घुसवून द्यायचा. निवेदिकेला काय ठाऊक? ती बैलांची नावेही आदराने, मागे 'जी' लावून वाचायची. बायको ट्रान्झिस्टरपुढे तोंडाला पदर लावून हसायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी आतल्या खोलीतून ऐकायचो. त्या यादीत बैल होते, मी नव्हतो.

मी सेवानिवृत्त झालो तेव्हा मुलाने पुण्याहून अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आणले. ट्यूनर तेवढा तुमच्या पसंतीने घ्या, म्हणाला. बायकोची एकच अट होती. "बाकी तुमचं तुमी पाहा जी. माह्या भावाचं केंद्र लागलं पायजे, बस."

दुकानदाराने दोन ट्यूनर काढले. एक थोडा जुन्या पद्धतीचा: मोठा गोल नॉब, काचेमागे सरकणारा काटा, मीडियम वेव्हसाठी मागे लावायची तारेची चौकट. त्याने तो जोडून दाखवला. काटा सरकवताच थोड्या खरखरीतून तेच केंद्र लागले. दुसरा पातळ, काळा, हिरव्या आकड्यांचा. माझा हात त्याच्याकडे गेलेला पाहून तो म्हणाला, "गुरुजी, ये सिर्फ एफएम है. मीडियम वेव्ह इसमें नहीं आएगा. घर में पूछ के लो."

मी म्हणालो, घरी विचारले आहे.

आणि पिशवीतला घरचा जुना ट्रान्झिस्टर काढून त्याच्यापुढे ठेवला. आवाज ताडून पाहायला नेतो असे बायकोला सांगून तो मी सकाळीच सोबत घेतला होता. म्हणजे दुकानात पोचण्याआधीच माझे ठरले होते. काळा द्या, हा जुना बदल्यात घेऊन टाका, म्हणालो.

रविवारी दोन वाजता ती तांदूळ निवडायचे सूप घेऊन समोर बसली. स्पीकरमधून नुसती वाफेसारखी सूं सूं येत होती.

"काऊन जी, काहीच नाही लागून राहिलं?"

दुकानदाराने फसवले, मी म्हणालो. सगळे लागते म्हणाला होता. बदलून आणा, ती म्हणाली. तो परत घेत नाही, मी म्हणालो. चार-पाच रविवार ती तशीच सूप घेऊन बसली. मग तिने विचारले, भाऊ अजून कार्ड टाकत असेल का? मी सांगितले, तो कार्यक्रमच बंद झाला आहे. त्यानंतर तिने कधी विचारले नाही. तांदूळ स्वयंपाकघरात निवडू लागली.

२००९ मध्ये ती गेली. मेहुणा आला. दहा वर्षांनी पायरी चढला. त्या काळ्या ट्यूनरकडे पाहत बसला. मग म्हणाला, "ताई आयकत होती ना जी भाऊजी? मी कार्ड टाकणं कधी सोडलं नाही. दोन सालापासून तर तुमचं बी नाव टाकून राहिलो. तिनं सांगतलं असन."

मी म्हणालो, "ऐकत होती. सांगितलं तिनं."

त्याने उपरण्याने डोळे पुसले आणि मान हलवली, जणू एक काम तरी नीट झाले होते.

मुलगा पुण्याला असतो, मुलगी तिच्या घरी. मागच्या महिन्यात मी बाजारातून एक लहान ट्रान्झिस्टर आणला. रविवारी जेवलो, ताट धुतले आणि काटा हळूहळू सरकवला. कार्यक्रम चालूच होता. केशोरीची यादी आली. पोरींची लग्ने झालेली, म्हणून जावयांची नावे होती. बैलजोडीची नवी नावे होती. शेवटी, जिथे 'आमगावची ताई' असायचे तिथे, निवेदिकेने वाचले, "आणि आमगावचे भाऊजी." बैलांच्या नावाला हसू आले तेव्हा मी सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिले.

मी खोटे बोलल्याने त्याला जे समाधान मिळाले, ते आता माझ्याच हाताने काढून घ्यायचे आहे. पण या घरात त्याचे कार्ड ऐकणारे कोणी नव्हते, आणि तेही माझ्यामुळे, हे त्याला कळले पाहिजे. नाही तर तो माझे नाव असेच कार्डावर टाकत राहील.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने गोंदिया, तिथून अर्जुनी, पुढे बस. दोनच्या आत केशोरीला पोचेन. त्याच्या ओसरीवर रेडिओ लागलेला असेल. कार्यक्रम संपू देईन, मग सांगेन.