दगडाची पेंड

आकाराम तेली लढाईवरून परत आला तो शेहेचाळीस सालच्या शिमग्यानंतर. बाकीच्यांनी येताना घड्याळं आणली, ब्लँकेटं आणली. ज्ञानू सुतारानं तर दाढीचा विलायती साबण आणला आणि तो वर्षभर न भिजवता देवळीत मांडून ठेवला. आकारामनं दगड आणला. भाकरीएवढा, करडा, वहीच्या पानांसारखे थरावर थर असलेला. तासगावच्या पूर्वेला आमच्या गावात दुसरं काही पिकलं नाही तरी दगड भरपूर, त्यात ह्यानं समुद्रापलीकडून आणखी एक आणावा याचं गावाला फार वाईट वाटलं. शिवाय त्याच्या बायकोचं नाव दगडाबाई. महिनाभर पारावर दुसरा विषय नव्हता.

"आकाराम, घरात एक हाय की रं! दुसरी कशाला आणलीस?"

"हसा. ह्यातनं तेल निघतंय."

हे सांगितलं आणि माणूस कायमचा फसला. त्याच्याबरोबर लढाईवर गेलेल्या नाथाजीनं परदेशात दोन मजली मोटार बघितली, ती गावानं मुकाट मान्य केली. आकारामचं दगडाचं तेल मात्र एकालाही गिळवेना.

झालं होतं असं. सीरियात त्याची पलटण रस्ता करत होती. तिथल्या दरीत हा दगड सापडायचा. त्यांचा गोरा सार्जंट स्कॉटलंडचा. त्याच्या गावी बापआज्यापासून दगड भाजून तेल काढायचा धंदा, आणि भाजलेल्या दगडाचे लाल डोंगर गावाभोवती उभे. हा दगड बघून त्याला घर आठवलं. त्यानं एका डब्यात दगड भाजून आकारामला तेल काढून दाखवलं. आकाराम जातीचा तेली. लढाईत त्याला दुसरं काही एवढं आवडलं नसावं.

त्याचा चुलता हरिबा घाणा चालवायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. "तेल असंल तर घाण्यात घाल. पिळलं की निघंल."

"आवं तात्या, तेल अजून झालंच न्हाई त्यात. तितं आदी दर्या हुता म्हणायचा सार्जंट. त्यातलं बारीक जीवजंत मेलं, गाळात बसलं, गाळाचा दगड झाला. आच लागली की मग त्याचं तेल हुतंय."

"न्हाई म्हंतोस, आन हुतंय बी म्हंतोस. करडईत असतं म्हणून निघतं. न्हवतं ते कुठनं आलं?"

एके दुपारी आकाराम बाहेर गेलेला बघून हरिबानं त्या दगडाचा एक कोपरा फोडला आणि करडईबरोबर घाण्यात टाकला. घाण्याच्या लाकडाला चरे पडले, तेल राखेसारखं करडं झालं, आणि आठवडाभर गावाच्या आमटीत दगडाची कचकच लागली. त्यानंतर 'दगडतेल्या' हे नाव पक्कं झालं.

मग आकारामनं भट्टी लावली. पितळी डबा, झाकण कणकेनं लिंपलेलं, झाकणातून तांब्याची नळी, नळीवर ओलं फडकं, खाली वाटी, आणि डब्याला शेणीची मंद आच. ही मांडणी लांबून बघून गावातले तीन सज्जन आपापला पेला घेऊन येऊन बसले. आकाराम पुन्हा पुन्हा बजावायचा, आच वाढली की नुसता धूर, कमी पडली की काहीच न्हाई. तासाभरानं नासक्या अंड्यांचा वास सुटला, पेलेवाले उठून गेले, आणि वाटीत पिवळट-काळे सात-आठ थेंब पडले. वात लावली. पेटली.

"वात आदीच भिजवलेली व्हती," कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या वेळी नवी वात घेतली. तेव्हा डबा आधी रॉकेलचा होता असं निघालं. तिसऱ्या वेळी डबा शेजारणीचा, तर नळीवर संशय. प्रत्येक संशयाला एक तुकडा. रेशनचं रॉकेल संपून अंधारात जेवणारी माणसं, पण दगडाचं तेल त्यांना पटत नव्हतं. भाकरीची अर्धी भाकर झाली, अर्धीची चतकोर.

"आता बास करा," दगडाबाई म्हणाली. "ह्यो सपला की काय मला भाजून दावणार?"

त्यानं मग गावचा दगड धरला. विहीर खणताना निघालेला काळा, पांढऱ्या गारा असलेला दगड कुटून भाजला. आणि खरंच थेंब आले! वाटीत चांगलं पळीभर जमलं. सगळे वाटीवर वाकले. हरिबानं बोट बुडवून जिभेला लावलं.

"पाणी हाय."

चैत्रात घागरीमागं अर्धा कोस चालायला लावणारं आमचं गाव. शेजारच्या बयाबाईनं घरनं घागर आणून नळीखाली ठेवली. "ही भर बाबा. मग दुसरी आणते."

त्या दिवशी आकारामनं भट्टीला लाथ घातली.

मी तेव्हा सांगलीत इंटर सायन्सला दुसऱ्यांदा बसलो होतो आणि सुटीत गावी आलो होतो, त्यामुळे गावाच्या मते शास्त्रज्ञच. मी तिथल्या रसायनाच्या प्रोफेसरांना सगळं लिहून कळवलं. त्यांचं कार्ड आलं: सोमवारी या. मूठभर दगड पुरे, पण न भाजलेला. तेल निघालं तर तसं लिहून देतो.

"लिहून देतो म्हंत्यात?" आकारामनं मला ते पाच वेळा वाचायला लावलं. "सही असंल न्हवं? पारावर चिकटवता येईल असं?" उरलेला दगड बरोबर मुठीएवढा होता. तो त्यानं फडक्यात बांधून देवापुढं ठेवला.

रविवारी लालासाहेब उगवले. गावची अर्धी जमीन यांची. सहा महिने फलटणला मेव्हण्याच्या उसावर होते, म्हणून तमाशा चुकलेला.

"आकाराम, मला दाव की. मी बघितलं न्हाई तवर खरं न्हाई."

"उद्या सांगलीला न्यायचाय. तेवढाच उरलाय."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. थाप मारायला बी एक दगड लागतोच जवळ."

आकारामचा चेहरा बघून मी म्हणालो, "अर्धा तरी ठेव."

"अर्ध्यानं ह्यास्नी पटायचं न्हाई," तो म्हणाला आणि फडकं सोडलं.

एवढं तेल कधीच निघालं नव्हतं. दिवा लालासाहेबांचा चहा संपेपर्यंत जळला. ते डोळे फाडून बघत होते. "व्हय गड्या. हाय. दगडाचंच हाय!" त्यांनी मानलं म्हटल्यावर गावानंही मानलं. आकाराम हसला, आणि मग डब्यात डोकावून उरलेलं पुन्हा फडक्यात बांधायला लागला.

सोमवारी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही सांगलीला गेलो. वाटभर फडकं आकारामच्या मांडीवर होतं. प्रोफेसरांनी फडकं सोडलं. आत काळा, हलका, भुसभुशीत चुरा.

"हा भाजलेला आहे."

"पेंड हाय, साहेब."

तरी त्यांनी तो परीक्षानळीत घालून तापवला. काही नाही. "तेल तरी ठेवलंय?"

"दिव्यात जाळलं. त्याबिगर पटत न्हवतं."

प्रोफेसर माणूस भला. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं, की तुझा सार्जंट खरं बोलला, आणि आपला काळा दगड हा थिजलेला लाव्हा, त्यात कधी जीवच नव्हता तर तेल कशाचं होणार. पाणी मात्र त्या पांढऱ्या गारांचं, त्यांच्यात ते मुळातच अडकलेलं असतं. "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण लिहिणार काय? मी लिहायचं ते मी बघितलेलं."

"लालासाहेबासारकंच बोलला की," बाहेर आल्यावर आकाराम एवढंच म्हणाला.

गावात उतरलो तर पारावर गर्दी. लालासाहेबांनी शेजारच्या गावातली चार बडी माणसं बोलावून आणली होती, दगडाचं तेल बघायला.

"आला बघा! दाव रं ह्यास्नी!"

आकारामनं फडकं पारावर सोडलं. पाहुण्यांनी चुरा बघितला, एकमेकांकडं बघितलं. एक जण खोकल्यात हसला.

"आवं, मी सोता बघितलंय!" लालासाहेब लाल झाले. "वात पेटली, चहा पिऊस्तवर जळत हुती!"

"वात आदीच भिजवलेली आसंल," पाहुणा म्हणाला.

"आकाराम, सांग की रं ह्यास्नी!"

आकारामनं फडकं झटकलं, घडी करून खांद्यावर टाकलं.

"तुमीच सांगा आता," तो म्हणाला आणि घाणा जुंपायला निघून गेला.