काठ आत घेतलेली लुगडी

कुणी लुगड्याची घडी घालताना दिसलं, की हुबळीतली ती केस मला आजही आठवते. लढाईचे दिवस होते. कापडावर कंट्रोल आला होता आणि परवान्याबाहेरचा माल दडवणं हा गुन्हा होता. मी त्या वेळी बाजारपेठेतल्या चौकीवर फौजदार होतो.

एका सकाळी हजेरी आटोपत असताना एक कापडविक्रेता चौकीवर आला. अनेक वर्षं तो डोक्यावर गाठोडं घेऊन कुंदगोळ, नवलगुंदकडची खेडी पायी फिरला होता. अलीकडे त्याने पेठेच्या टोकाला लहानसं दुकान मांडलं होतं, तरी लोक त्याला फेरीवालाच म्हणत.

"साहेब, केशवापुरात अण्णांच्या गोठ्यात बघा. कडब्याखाली लुगडी आहेत."

"तुला कुणी सांगितलं?"

"पेठेत अशा गोष्टी लपतात होय? माझं नाव तेवढं येऊ देऊ नका."

अण्णा म्हणजे पेठेतल्या सर्वांत मोठ्या कापड दुकानाचे मालक. पंच घेऊन मी झडती घेतली. कडब्याखाली खरोखरच गाठोडी निघाली. "ही माझी नव्हेत," एवढंच अण्णा म्हणत राहिले. त्यांची बायको दारात उभी होती. "माझ्या वडिलांनी, अप्पांनी उभं केलेलं दुकान आहे हे," ती म्हणाली. "एवढ्यासाठी घालवायचं होय?" गुन्हा शाबित झाला तर परवाना जाणार होता, दुकानाला कुलूप लागणार होतं आणि अण्णा तुरुंगात जाणार होते.

पेठेत फारसं कुणी हळहळलं नाही. "एवढा पैसा कुठनं येतो, ते कळलं की आता," असं लोक चहा पिता पिता म्हणत होते. गरीब माणूस धरला तर साक्षीदार शोधावे लागतात. श्रीमंत धरला तर ते आपल्या पायांनी चौकीवर येतात, हा माझा अनुभव आहे.

मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. ज्याच्याकडे कुलपाची कोठारं आहेत, तो रोज गुरांसाठी उपसला जाणारा कडबा कशाला निवडेल? मी फेरीवाल्याला जबाबासाठी पुन्हा बोलावलं.

मुद्देमाल माझ्या खोलीतच होता. पंचनाम्याच्या वेळी शिपायांनी उलगडलेल्या लुगड्यांचा टेबलावर ढीग पडला होता. बाकीची गाठोडी कोपऱ्यात तशीच बांधलेली होती. फेरीवाला ढिगाजवळ बसला.

"अण्णांची तुझी ओळख जुनी?"

"एकाच गावचे आम्ही, कोल्हापूरकडचे. बरोबरच हुबळीला आलो, एकाच शेठच्या दुकानात गडी म्हणून राहिलो. तेव्हा नावानं हाक मारायचो. आता अण्णा म्हणायचं."

"कामात कोण हुशार?"

"शेठलाच विचारायचं होतं, असते तर. गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं, साहेब. त्याला साधं वार धरून कापड मोजता येत नव्हतं."

"मग शेठचा जावई तो कसा झाला?"

ढिगातलं एक लुगडं त्याने ओढलं आणि मांडीवर घेतलं.

"शेठ घरच्या माणसांना घेऊन गोकर्णाला निघाले होते. बरोबर मी जायचा होतो. आदल्या दिवशी मला ताप भरला, म्हणून त्याला नेलं. वाटेत शेठाणीला पोरगं आवडलं. पुढं मुलगी दिली, दुकान दिलं. मी माळ्यावर पडून होतो. बरा झालो, तर ह्याच्या हाताखाली काम करायची पाळी. म्हणून गाठोडं उचललं."

बोलता बोलता त्याने लुगड्याची घडी घातली, दुसरं ओढलं. त्याचं हातांकडे लक्षही नव्हतं. माझं होतं. पेठेतल्या दुकानांत गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून लुगड्याचा काठ घडीच्या बाहेर ठेवतात. हा आत घेत होता.

"काठ आत का घेतोस?"

"उन्हातान्हात फिरताना काठ विटतो. धूळ बसते. गादीवर बसून राहिलेल्याला ते काय कळणार?" हे त्याने अभिमानाने सांगितलं.

मी कोपऱ्यातलं गाठोडं आणलं आणि त्याच्यासमोर सोडलं. आतल्या प्रत्येक लुगड्याचा काठ आत होता. त्याचे हात थांबले.

"नुसती कोंबली असतीस, तर मला कळलं नसतं," मी म्हणालो.

"कापड आहे, साहेब. कोंबवत नाही."

मग सगळं बाहेर आलं. लुगडी त्याच्याच दुकानातली होती. आपलं भांडवल त्याने दुसऱ्याच्या गोठ्यात पुरलं होतं. "एकदा त्यानंही खाली बसून बघावं," एवढंच कारण त्याने दिलं. त्याच्यावर खटला झाला, धारवाडच्या कोर्टात शिक्षा झाली.

अण्णांना सोडताना मी विचारलं, "त्याचं तुमचं वैर होतं?"

"वैर कसलं? दर दसऱ्याला सोनं द्यायला येतो की तो."

"त्या तापाचं त्याच्या मनातून गेलं नव्हतं."

"कसला ताप?"

मी गोकर्णाची गोष्ट सांगितली. अण्णांनी खूप आठवून पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, "शेठनी माझी हुशारी बघून मला निवडलं होतं, साहेब."

तेव्हापासून मी एक नियम पाळला. तुमचा शत्रू कोण, हे सुखी माणसाला विचारून तपास पुढे जात नाही. ज्याला मिळालं, त्याला तो दिवस आठवत नाही. ज्याचं हुकलं, त्याला त्या दिवसाचं सगळं आठवतं. आमच्याच खात्यात माझ्या बरोबरीचा एकजण, मामलेदारांचा मुलगा, माझ्या आधी इन्स्पेक्टर झाला. त्याला बढतीचा तो दिवस आज आठवत नसेल. त्या दिवशी मोठ्या साहेबांच्या टेबलावर कोणती फुलं होती, ते मी सांगू शकतो.